ओस लहरींचा मुलूख

पालघर जिल्ह्यातील मोखाड्याच्या डोंगरावर उभे राहिले असता समोरचा पाडा हाकेच्या अंतरावर भासतो. परंतु तेथे पोहोचायचे तर मधली दरी उतरावी लागते आणि साग-ऐनाची दाटी ओलांडावी लागते, आणि नेमकी हीच अडचण बिनतारी लहरींनाही पडते. लहरींच्या वाटणीचा आपल्याकडचा इतिहास मात्र अशा मुलखाकडे पाहून घडलेला नाही.

१९३३ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही अपराध ठरला; स्वातंत्र्यानंतर १९५२ साली लहरींच्या नियोजनाचे सरकारी दफ्तर स्थापन झाले, आणि कोणी कोणत्या कंपनसंख्येवर बोलावे हे ठरविण्याचा अखत्यार त्याच्याकडे गेला. हा बंदोबस्त सामान्य माणसापुरता सैल झाला तो जानेवारी २००५ मध्ये, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना वापरण्याची मुभा मिळाली तेव्हा. घरोघरचे वायफाय त्याच पट्ट्यावर वाढले. त्यात १३ वाहिन्या आहेत खऱ्या. पण त्या एकमेकींपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झवर, आणि प्रत्येकीचा विस्तार सुमारे २० मेगाहर्ट्झचा, म्हणून परस्परांस न भिडणाऱ्या १, ६ आणि ११ एवढ्याच हाती लागतात. ४ क्रमांकाची मोकळी दिसते म्हणून ती धरणारा मनुष्य दोन्हीकडचा व्यत्यय ओढवून घेतो. उलट एकाच वाहिनीवरची यंत्रे परस्परांची चाहूल घेऊन पाळीपाळीने बोलतात, आणि यंत्रांनी पाळलेली ही मर्यादा मला फार हृद्य वाटते.

ही झाली शहरातली दाटी. खेड्यांवरचे आकाश कसे आहे, हे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभय करंदीकर, अनिमेष कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली दाखविले. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या, त्यांनी तपासला, आणि सरासरी त्यातले १०० मेगाहर्ट्झहून अधिक ओस पडलेले आढळले. फेरवाटप केल्यास तेव्हाच्या प्रक्षेपणास ४ वाहिन्या पुरतील, असाही त्यांचा निष्कर्ष होता. या पडीक लहरींवर इंटरनेट नेण्याचा प्रयोग त्यांनी मोखाड्याच्याच जिल्ह्यात, पालघर तालुक्यातील खामलोली आणि भोवतालच्या गावांत केला. येथे वाहिनी निवडायची होती ती शेजाऱ्याची गर्दी टाळण्यासाठी नव्हे, तर दूरदर्शनच्या चित्रास धक्का न लावता झाडोऱ्यातून पलीकडे पोहोचण्यासाठी. कारण वायफायच्या आखूड लहरी ओल्या पानांत जेथे विरून जातात, तेथून या लांब लहरी पुष्कळ सुखरूप पार होतात.