खिशातले चित्रण आणि कोर्टातला पुरावा

छत्रपती संभाजीनगर : गुलमंडीतील दुकान असो, सिडकोतील सोसायटीचे प्रवेशद्वार असो की वाळूजमधील कारखान्याचे गेट, कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटलेली जागा शहरात आता शोधावीच लागते. अपघात झाला की मदतीचा हात पुढे येण्याआधी मोबाइल पुढे येतो, ही तक्रार नेहमीची. मात्र भाडेकरूशी वाद होतो, उसने दिलेले पैसे परत मिळत नाहीत किंवा कुणी लाच मागतो, तेव्हा हाच मोबाइल आधार वाटू लागतो. 'माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे' एवढे वाक्य उच्चारले की अर्धी लढाई जिंकल्याचे समाधान अनेकांना मिळते.

रेकॉर्डिंग हाती असणे आणि न्यायालयाने ते पुरावा म्हणून स्वीकारणे यांत मात्र बरेच अंतर आहे. ते नेमके किती, हे देशभरासाठी ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मराठवाड्यातल्याच एका प्रकरणातून आलेला आहे. वाद जालन्याचा होता आणि खटला चालला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात.

तीन वाजून त्रेपन्न मिनिटे

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर रोजी दुपारी ३ वाजता संपत होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि दालनाबाहेर व्हिडिओ चित्रीकरणाची व्यवस्था होती. खोतकर यांचे अर्ज मुदत टळल्यावर, ३ वाजून ५३ मिनिटांनी सादर झाले आणि हे त्या चित्रणातच दिसते, असे म्हणणे घेऊन गोरंट्याल आणि एक मतदार खंडपीठात गेले.

न्यायालयाच्या आदेशानुसार चित्रणाच्या सीडी सादर झाल्या. अडचण तिथेच सुरू झाली. सीडी ही मूळ चित्रण नव्हे, तर त्याची प्रत. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली भारतीय पुरावा कायद्यात घातलेल्या कलम ६५-ब नुसार अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. चित्रण कोणत्या उपकरणावर झाले, ते उपकरण नीट चालत होते का, प्रत कशी काढली, हे त्या उपकरणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने सहीनिशी लिहून द्यायचे असते. योगायोग असा की, हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका निवडणूक खटल्यात (अन्वर विरुद्ध बशीर) १८ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे जालन्यातील त्या दुपारच्या केवळ नऊ दिवस आधी दिला होता.

याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्रासाठी निवडणूक यंत्रणेकडे वारंवार लेखी मागणी केली. ते मिळाले नाही. कॅमेरा सरकारी, चित्रण सरकारी, सीडीही सरकारी कार्यालयातून आलेली, आणि सही तेवढी कुणी करेना! सरकारी कचेरीत एका कागदासाठी खेटे घातलेल्या कोणालाही ही स्थिती ओळखीची वाटेल. अखेर खंडपीठाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची उलटतपासणीतील साक्ष विचारात घेऊन कायद्याची पुरेशी पूर्तता झाल्याचे मानले आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी खोतकर यांची निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली. अंतिम निकाल १४ जुलै २०२० रोजी आला, तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही पार पडली होती.

निकालाने काय ठरले?

न्या. रोहिंटन नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने खोतकर यांचे अपील फेटाळले. परंतु तोंडी साक्षीने प्रमाणपत्राची उणीव भरून निघते, हे खंडपीठाचे मत मान्य केले नाही. प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्यच. २०१८ साली शफी मोहम्मद प्रकरणात दिलेली सवलतही या निकालाने रद्द झाली. मग अपील फेटाळले का? एक तर निवड रद्द ठरवण्यास चित्रणाखेरीज अन्य पुरावाही होता. दुसरे, प्रमाणपत्र मिळवण्यासाठी याचिकाकर्त्यांनी शक्य ते सर्व केले होते. संबंधित अधिकारी दाद देत नसेल तर प्रमाणपत्र सादर करण्याचा आदेश देण्याची विनंती न्यायाधीशांकडे करता येते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

सामान्य माणसाच्या दृष्टीने याच निकालातील आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. ज्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर मूळ नोंद आहे, तोच घेऊन त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि उपकरण आपलेच असल्याचे त्याने सिद्ध केले, तर मूळ नोंदीसाठी वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊन मोबाइल विकून टाकणारा माणूस ही सोय स्वतःच्या हाताने घालवतो.

टेपरेकॉर्डरचा काळ

यंत्राने टिपलेल्या आवाजावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न काही मोबाइलमुळे निर्माण झालेला नाही. मुंबई महापालिकेतील एका कारकुनाला लाच देऊ केल्याच्या युसुफअली नगरी प्रकरणात पुस्तकांमागे मायक्रोफोन लपवून आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर चालवण्यात आला होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती टेप स्वीकारली. परंतु ती मोहोरबंद केलेली नव्हती, त्यामुळे फेरफाराची शंका घ्यायला जागा राहते, हेही निकालात आवर्जून नोंदवले. पुढे १९७२ साली मुंबईच्या तत्कालीन कोरोनरविरुद्धच्या मलकानी खटल्यात दूरध्वनीवरील संभाषणाची टेप ग्राह्य धरली गेली. टेप गेली, कॅसेट गेली, सीडीही गेली; नोंद कुणाच्या ताब्यात होती, हा प्रश्न तेवढा प्रत्येक माध्यमाबरोबर पुढे आला.

घरातले संभाषणही त्यातून सुटलेले नाही. पती-पत्नीपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले बोलणे घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. नात्यात विश्वास उरला नसल्याचे लक्षण म्हणून त्याकडे पाहता येईल, पण ध्वनिमुद्रण हे त्या दुराव्याचे कारण नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. घरोघरच्या संसारावर याचा काय परिणाम होईल, हे सांगणे वकिलांच्याही आवाक्यातले नाही.

नवा कायदा, नवी कागदपत्रे

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. कलम ६५-ब चे काम आता कलम ६३ करते. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले असून पहिल्यावर नोंद सादर करणाऱ्याची, तर दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. त्यात नोंदीचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे संगणकीय फाइलवरून गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा; फाइलमध्ये किंचितही बदल झाला की हा ठसा बदलतो. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान केला जात असल्याने त्याचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवरून फिरत आलेली क्लिप पोलिस ठाण्यात दाखवणाऱ्यांना मूळ मोबाइल विचारला जातो तो यासाठी.

पोलिसांवरही कॅमेऱ्याचे बंधन आले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण आवश्यक असून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. पोलिस ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रण किमान एक वर्ष जतन करता येईल अशी यंत्रणा बसवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात दिले.

दुकानातल्या किंवा सोसायटीतल्या कॅमेऱ्याला असे बंधन नसते. तिथल्या डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढते आणि बहुतेक ठिकाणी हे काही आठवड्यांतच घडते. त्यामुळे चोरी वा अपघातानंतर चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज दुकानदार, सोसायटी आणि पोलिस या तिघांनाही त्याच आठवड्यात देणे हिताचे असते. आणखी एक बाब सहसा कुणी पाहत नाही, ती म्हणजे डीव्हीआरचे घड्याळ. ते अर्धा-पाऊण तास मागेपुढे असणे नवलाचे नाही. पंचनामा होताना पडद्यावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ, दोन्ही शेजारी शेजारी लिहून घ्याव्या लागतात.