तंजावरचा पाण्याचा वारसा आणि आपली जबाबदारी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला तेव्हा पर्यावरण हाच विषय मनात आला. परंतु या विषयावर बोलताना हल्ली बहुतेक वेळा नव्या वस्तूंचीच यादी समोर ठेवली जाते. सौरदिवे घ्या, विजेवरची गाडी घ्या, कमी वीज खाणारा फ्रीज घ्या. त्या वस्तू वाईट नाहीत. पण मी रेल्वेच्या स्थापत्य विभागातला माणूस. आमच्या कामात नवे बांधण्यापेक्षा बांधलेले सांभाळण्यातच आयुष्य जाते. त्या नजरेने आपल्या या भागाचा इतिहास पाहिला, तर पर्यावरणाचा पहिला धडा देखभालीचा आहे असे दिसते.

पापनाशमचे कोठार

सुरुवात आपल्या गावापासून करू. तिरुप्पालैत्तुरै येथील पालैवननाथर मंदिरात विटांचे एक जुने धान्यकोठार आहे. आकार गोल आणि माथा निमुळता. इ. स. १६०० ते १६३४ या काळात, म्हणजे तंजावरच्या नायक राजांच्या अमदानीत ते बांधले गेले. त्याची क्षमता ३००० कलम सांगितली जाते. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. आज ते तमिळनाडू राज्य पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे. आपल्यापैकी अनेकजण देवदर्शन करून त्याच्या बाजूने निघून येतात. चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी पिकवण्याइतकेच साठवण्याला महत्त्व दिले होते, हे त्या कोठाराकडे पाहिले की कळते. पिकलेले भात पावसात भिजून वाया गेले, तर त्यासाठी वापरलेले कावेरीचे पाणी, खत आणि शेतकऱ्याची मेहनतही वाया जाते. ताटात टाकलेल्या भाताचेही तेच.

शिवगंगेचे पाणी

तंजावर शहराला कावेरीचा मुख्य प्रवाह लागून नाही. तेव्हा शहराच्या पाण्यासाठी नायक काळापासून एक व्यवस्था उभी राहिली. किल्ल्याच्या पश्चिमेला सेवप्पनायकन तलाव होता. तेथे पावसाचे पाणी साठे. गाळ खाली बसल्यावर ते शिवगंगा तळ्यात आणले जाई आणि तेथून जमिनीखालच्या नळांवाटे शहरातील तळ्यांना व विहिरींना पोहोचवले जाई. या व्यवस्थेला 'जलसूत्रम्' म्हणतात. पंप नाही, वीज नाही; सारे काम उतारावर. रेल्वेत नाल्याचा उतार काढताना लेव्हल मशिन लावूनही आमची दमछाक होते. त्या काळी कोणत्या साधनांनी हे उतार साधले असतील, याचे नवल वाटते.

इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. मराठ्यांनी ही व्यवस्था मोडली नाही. ती चालू ठेवली आणि वाढवली. पुढे नळाचे पाणी घरोघरी आले आणि जलसूत्राचे मार्ग बुजत गेले. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत मेल वीथीवरील अय्यनकुळम तळ्याचे काम झाले. त्या वेळी जुना भूमिगत मार्ग सापडला व मोकळा करण्यात आला आणि पावसाचे पाणी पुन्हा तळ्यात उतरले. व्यवस्था मेलेली नव्हती, तुंबलेली होती.

सरफोजी राजांचे काम

दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आणि बृहदीश्वर मंदिरातील १८०३ च्या मराठी शिलालेखामुळे माहीत असतात. त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व भोवतालचा थोडा भाग एवढेच उरले. असा राजा एखादा रुसून बसला असता. सरफोजी राजांनी उरलेल्या शहराकडे लक्ष दिले. सुमारे दहा तळी, अनेक विहिरी आणि शहराचे सांडपाणी वाहून नेणारी भूमिगत गटारे यांचे श्रेय त्यांना दिले जाते. धन्वंतरी महालात वनौषधींचा अभ्यास झाला. यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे चालली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच.

मला यातला मोठा भाग तळ्यांचा वाटत नाही. ज्याच्या हाती राज्य राहिले नाही, त्याने हाती असलेल्या गावाची व्यवस्था लावली, हा मोठा भाग. हवामान बदलाच्या बातम्या वाचून "आपण एकटे काय करणार?" असे म्हणणाऱ्या आपल्या सर्वांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

गावाची पाळी

राजाने बांधले तरी सांभाळत कोण होते? गावकरी. तमिळमध्ये 'कुडिमरामत्तु' म्हणून प्रथा होती. पाणी येण्यापूर्वी प्रत्येक घराने श्रम द्यायचे, कालव्यातला गाळ काढायचा, तलावाचा बांध दुरुस्त करायचा. इंग्रजी अमलात ही प्रथा ढिली पडली आणि १८५८ साली मद्रास सरकारला अशा श्रमांसाठी सक्तीचा कायदा करावा लागला. जे काम गाव आपणहून करीत होते, ते कायद्याने मात्र नीट झाले नाही. २०१७ साली तमिळनाडू सरकारने याच नावाने तलाव दुरुस्तीची योजना पुन्हा सुरू केली.

देखभालीचे दुसरे उदाहरण आमच्या व्यवसायाला जवळचे आहे. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने कल्लणै धरण अभ्यासले आणि सैल वाळूत पाया कसा घ्यावा हे आपण येथल्या लोकांकडून शिकलो, असे मोकळेपणाने मान्य केले. त्याने १८३६ साली कोळ्ळिडम नदीवर मुक्कोंबु येथे बंधारा बांधला. तो १८२ वर्षे टिकला. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पुराच्या पाण्यात त्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. नदीतील बेसुमार वाळूउपसा हे एक कारण अनेकांनी त्या वेळी सांगितले. पुढे तेथे नवा बंधारा झाला. पण घराघरांत वापरली जाणारी वाळू नदीच्या पायाखालूनच येते, हे विसरून चालणार नाही.

आपण काय करावे

रेल्वेतील मित्रांना की-मन माहीत आहे. तो रोज आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासतो, सैल झालेली चावी ठोकतो. त्याच्या त्या रोजच्या फेरीवर गाड्या सुखरूप धावतात. प्रत्येक घराने तशी आपली 'बीट' ठरवावी असे सुचवतो.

१. तमिळनाडूत २००३ पासून प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जिरवण्याची सोय सक्तीची झाली. बऱ्याच ठिकाणी खड्डा आहे, पण गाळाने भरलेला. ऐप्पसी महिन्याचा पाऊस सुरू होण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तो उपसावा. गच्चीही झाडावी.

२. रुळाखालच्या मोऱ्या पावसाळ्यात तुंबतात त्या बहुधा प्लॅस्टिकने. राज्यात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर १ जानेवारी २०१९ पासून बंदी आहे. बाजारात जाताना येथली पिवळी कापडी पिशवी, 'मंजप्पै', सोबत ठेवावी.

३. महाप्रसादाला केळीचे पान आणि कॉफीला पितळी किंवा स्टीलचा डवरा-टंबलर वापरावा. भांडी घासायला पाळी लावावी. यात लाज कसली? कुडिमरामत्तुही पाळीनेच होत असे.

४. मूर्ती रंग न दिलेल्या मातीची असावी. घरची मूर्ती बादलीत विरघळवून ते पाणी झाडांना घालावे आणि निर्माल्य खतात जावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनाही प्लास्टर ऑफ पॅरिसच्या विरोधातच आहेत.

शेवटच्या मुद्द्यासाठी फार लांब पाहायला नको. आपल्याच तालुक्यात गणपती अग्रहारम् हे गाव आहे. चतुर्थीला तेथील घरांत वेगळी मूर्ती बसवीत नाहीत. सारे गाव महागणपतीच्या देवळात एकत्र पूजा करते. महाराष्ट्रात 'एक गाव एक गणपती'साठी मोहिमा काढाव्या लागल्या. येथे शेजारी ती जुनी रीत आहे. आपणही वसाहतीत एकच मूर्ती बसवावी आणि विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सर्वांनी मिळून कुडमुरुट्टीचा घाट साफ करावा, असा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवतो. सरफोजी राजांच्या तळ्यांचा अभिमान सांगताना, निदान एका घाटाची जबाबदारी तरी आपल्या नावावर असावी. सभासदांनी यंदाच्या सभेत यावर विचार करावा, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!