जुना फोन आणि हिंगोलीची वेलांटी

पुसेगाव, जिल्हा हिंगोली. हा पत्ता कागदावर लिहावयास कोणालाही श्रम पडत नाहींत. परंतु समजा, 2010 सालीं पुसेगावच्या एखाद्या गृहस्थांनीं पुण्यास शिकणाऱ्या आपल्या मुलास हाच पत्ता फोनवरून देवनागरींत लिहून पाठविला असता, आणि मुलाच्या हातीं त्या वेळचा अँड्रॉइडचा स्मार्टफोन असता, तर त्यास काय दिसलें असतें? बहुधा ओळीनें मांडलेले रिकामे चौकोन. वडिलांच्या बटणांच्या साध्या फोनास देवनागरी येत होती. मुलाचा फोन त्याच्या कितीतरी पट किंमतीचा, पण मराठीच्या बाबतींत निरक्षर. (मी म्हणतों तें पुसेगाव मराठवाड्यांतलें, 1999 सालीं परभणीपासून वेगळ्या निघालेल्या जिल्ह्यांतलें. साताऱ्याकडील सेवागिरी महाराजांचें पुसेगाव निराळें.)

जुन्या स्मार्टफोनांवर निराळें सॉफ्टवेअर चढवून पाहण्याचा उद्योग गेलीं पुष्कळ वर्षें जगभर चालला आहे. त्याचा इतिहास सांगणारे तो सहसा हौशी तरुणांचा खेळ म्हणून सांगतात. खेळ त्यांत आहेच. पण आपल्याकडे त्याच्या मुळाशीं पुष्कळ वेळां एक साधी गरज होती: आपली भाषा आपल्या अक्षरांत वाचावयाची. ती बाजू आज आपणांपुढें मांडावी असा माझा हेतु आहे.

गरज जुनीच. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण 1616 सालीं गोव्यांत राचोल येथें छापून निघालें, तें भाषेनें मराठी आणि लिपीनें रोमन. देवनागरी खिळे तेथें नव्हतेच. पुढें दोनशें वर्षांनीं मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं मिशनऱ्यांच्या छापखान्यांतील काम पाहून स्वतः खटपट आरंभिली, 1831 सालीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें, आणि मग स्वतःचे खिळेही पाडले. यंत्र परक्यानें परक्या अक्षरांसाठीं करावें आणि त्यांत आपलीं अक्षरें बसविण्याची यातायात आपल्या माणसांनीं करावी, हा क्रम तेव्हांपासूनचा. 2010 च्या सुमारास आपण सारे रोमन अक्षरांत मराठी निरोप धाडीत होतों. ‘काल’, ‘काळ’, ‘कल’ आणि ‘कळ’ या चौघांचा त्या लिपींत बहुधा एकच वेष. स्टीफन्ससाहेबांची अडचण चारशें वर्षांनीं फिरून आपल्या वांट्यास आली होती!

पहिला उपाय फोन न उघडतांच सांपडला. ऑपेरा मिनी नांवाच्या ब्राउझरांत पत्त्याच्या जागीं ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असें टाइप केलें कीं एक आडबाजूची खोली उघडे. तेथें, अवघड लिपींसाठीं चित्ररूप अक्षरें वापरावीं काय, असा प्रश्न असे. त्यास ‘होय’ म्हणावयाचें. मग मजकूर कंपनीच्या दूरच्या यंत्रावर तयार होई आणि त्याचीं चित्रें फोनवर येत. ज्याला अक्षर ओळखतां येत नाहीं, त्याला चित्र तर दाखवितां येतें, अशी ती युक्ति. मराठी वर्तमानपत्र वाचण्यासाठीं ही खूण एकमेकांस सांगितल्याचें आपणांपैकीं कित्येकांस आठवत असेल. पण ही सोय ब्राउझरापुरती. घरून आलेला निरोप चौकोनांतच राही.

निरोप वाचावयाचा तर फोनच्या पोटांत शिरणें भाग होतें, आणि तेथें तर कुलूप. पैसे मोजून घेतलेल्या फोनांतही मूळ प्रणालीच्या विभागांत लिहिण्याचा अधिकार मालकास नसतो. वाड्यांत राहावें, पण भिंतींत खिळा ठोकूं नये, अशी ही भाडेकऱ्याची स्थिति. तें कुलूप काढण्यास ‘रूट करणें’ म्हणतात. त्याची सुरुवात मोठी गमतीची झाली. ऑक्टोबर 2008 मध्यें अमेरिकेंत पहिला अँड्रॉइड फोन, जी-1, विक्रीस आला. पुढच्याच महिन्यांत असें आढळलें, कीं कळफलकावर जें टाइप करावें, तें हा फोन आंतल्या आंत सर्वाधिकाऱ्याचा हुकूम म्हणूनही ऐकतो. एका गृहस्थानें फोन नुकताच बंद करून सुरू केला होता. मैत्रिणीनें विचारलें, उत्तर कां दिलें नाहीं? त्यानें ‘रीबूट’ एवढाच शब्द टाइप केला, आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हां सुरू झाला. हा दोष कंपनीनें तांतडीनें बुजविला. परंतु तोंवर हौशी मंडळी त्याच भगदाडांतून आंत शिरली होती.

आंत शिरून काय करणार, असें कोणी विचारील. येथें एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. अँड्रॉइडची मूळ संहिता गूगलनें 2008 सालींच प्रसिद्ध केली होती, आणि तिच्या तळाशीं असलेला लिनक्सचा गाभा तर अशा परवान्याखालीं आहे, कीं तो वापरून जो वस्तु विकेल त्यानें बदललेली संहिताही मागेल त्यास दिली पाहिजे. स्टीव्ह कोंडिक नांवाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनें 2009 मध्यें या सामग्रींतून जी सुधारलेली प्रणाली रचली तीच सायनोजेनमॉड. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गूगलच्या वकिलांची नोटीस आली. प्रणाली खुली असली तरी तिजबरोबरचीं गूगलचीं अॅप खुलीं नव्हतीं, हा आक्षेप. कोंडिक यांनीं तीं अॅप वगळलीं आणि काम चालूं ठेविलें. जानेवारी 2012 मध्यें ही प्रणाली दहा लाखांहून अधिक फोनांवर असल्याचें त्या मंडळींनीं जाहीर केलें.

आतां आपल्या पत्त्याकडे वळूं. कुलूप निघाल्यावर फोनच्या टंकांच्या कप्प्यांत देवनागरीचा टंक नेऊन ठेवावयाचा. असा एक मुक्त टंक आयताच होता: रेड हॅट कंपनीनें प्रसृत केलेला ‘लोहित’. लोहित म्हणजे तांबडा. नांवांतली कोटी ध्यानांत आली असेलच. टंक ठेवून फोन पुन्हां सुरू केला कीं चौकोन जात आणि अक्षरें येत. ‘पुसेगाव’ हा शब्द तर जवळजवळ नीट दिसे. पु, से, गा, व: उकार खालीं, मात्रा वर, काना उजवीकडे, सारें लिहिण्याच्याच क्रमानें. ‘जिल्हा हिंगोली’ येथें मात्र घोटाळा! संगणक अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठवितो. आधीं ह, मागून इकार. कागदावर ती पहिली वेलांटी ह च्या डावीकडे काढावयाची असते, हें फोनास कोणी शिकविलेलेंच नव्हतें. म्हणून ती ह च्या मागून येऊन भलत्याच अक्षरावर छत्री धरी. आणि ‘जिल्हा’ मधील ल चा पाय मोडून ह त्याच्याशेजारीं तिऱ्हाइतासारखा उभा राही. टंक म्हणजे नुसते खिळे. ते जुळविणारा कंपॉझिटर फोनांत नव्हता. अँड्रॉइडसाठीं हें काम हार्फबझ नांवाच्या मुक्त सॉफ्टवेअरनें केलें, आणि 2011 च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड 4.0 पासून देवनागरी बरीचशी जागेवर बसली. हिंदीचा कळफलक 2012 सालीं 4.1 मध्यें आला.

पण ही नवी आवृत्ति जुन्या फोनास द्यावयाची कोणीं? कारखानदाराचें लक्ष पुढच्या वर्षींच्या फोनाकडे. सॅमसंगचा गॅलेक्सी एस हा 2010 चा गाजलेला फोन. त्यांत नव्या आवृत्तीस पुरेशी जागा नाहीं, असें कंपनीनें डिसेंबर 2011 मध्यें सांगून टाकलें. पुढच्याच वर्षीं सायनोजेनमॉड 9 त्याच फोनवर चालूं लागलें. फोन झिजून म्हातारा होतो कीं कोणी म्हातारा ठरविल्यामुळें होतो, हा प्रश्न त्या दिवसांत पुष्कळांच्या मनांत उभा राहिला.

हा उद्योग निर्धोक होता असें मात्र मी म्हणणार नाहीं. मीं स्वतः एका रात्रीं जुन्या फोनवर नवी प्रणाली चढवीत असतां दिवे गेले. फोन केबलीनें टेबलावरील संगणकास जोडलेला, तो संगणक मधेंच बंद पडला, आणि फोन पुन्हां उठला नाहीं. इंग्रजींत अशा फोनास ‘वीट’ म्हणतात, आणि खरोखर त्याचा उपयोग तेवढाच उरतो. पैशांचें दुःख थोडें होतें. आईचीं चार छायाचित्रें त्यांत होतीं, तीं दुसरीकडे कोठेंच नव्हतीं. प्रथम प्रत काढून ठेवा, असें प्रत्येक सूचनापत्राच्या आरंभीं ठळक लिहिलेलें असे. तें मीं वाचलेंही होतें.

पुढील कथा हिंदुस्थानांत येऊन जरा चमत्कारिक वळण घेते. कोंडिक यांच्या खटपटीची 2013 मध्यें कंपनी झाली. तिची प्रणाली घेऊन वनप्लसचा फोन डिसेंबर 2014 मध्यें येथें आला, तोंच मायक्रोमॅक्स कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेली: या प्रणालीचा हिंदुस्थानांतील हक्क एकट्या आमचाच! न्यायालयानें विक्री थोपविली. त्याच महिन्यांत ती मनाई उठलीही. कारखानदारांच्या कुलपांतून फोन सोडविण्यासाठीं निघालेली वस्तु अशी मक्तेदारीच्या दाव्याचा विषय झाली. 2016 च्या अखेरीस कंपनीनें ती सेवाच बंद केली. संहिता मात्र खुली होती. स्वयंसेवकांनीं ती उचलून ‘लिनिएज’ या नांवानें पुढें चालविली. 2012 चा गॅलेक्सी एस-3, ज्याचें जागतिक वाण कारखानदारानें 4.3 या आवृत्तीवर थांबविलें, तो या मंडळींनीं 7.1 पर्यंत नेला.

मधल्या काळांत, 2014 च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड 5.0 मध्यें, मराठी ही प्रणालीची भाषा म्हणून दाखल झाली होती. सायनोजेनमॉडची बारावी आवृत्ति याच पायावर उभी. म्हणून कारखानदारानें टाकून दिलेल्या ज्या फोनांवर ती चढली, त्यांतही मराठी आली. मात्र आपल्याकडे खेडोपाडीं खपलेल्या स्वस्त फोनांस हा लाभ क्वचितच झाला. त्यांतल्या पुष्कळांच्या गाभ्याची संहिता परवान्याची अट असूनही विकणाऱ्यांनीं कधीं बाहेर दिलीच नाहीं. ज्याला फोन बदलणें सर्वांत जड, त्याचाच फोन सुधारणें सर्वांत कठीण! या अन्यायाबद्दल फारसें कोणी बोललें नाहीं.

आज देवनागरीसाठीं कोणास फोन उघडावा लागत नाहीं. उघडावा म्हटलें तरी पैशांच्या व्यवहारांचीं कित्येक अॅप अशा फोनवर चालण्यास नकार देतात, आणि त्यांत सुरक्षिततेचें कारण अगदींच खोटें नाहीं. माझ्यापाशीं मात्र त्या विटेनंतर घेतलेला दुसरा एक जुना फोन अद्याप आहे. हें भाषण लिहितांना मीं तो मुद्दाम भारून पाहिला. ‘पुसेगाव, जिल्हा हिंगोली’ हा पत्ता त्यावर स्वच्छ उमटला, वेलांटी जेथल्या तेथें. पुढें ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप केला, तेव्हां त्या ‘ऱ्या’पाशीं तो अजून अडखळला.