रविवार कोणाचा?

'फुरसत म्हणजे काय' या विषयावर बोला, असे आकाशवाणीने सुचवले तेव्हा शब्दकोश उघडण्याऐवजी मला गिरणगावाची आठवण झाली. आपण ज्याला सहज सुट्टीचा वार म्हणतो, तो मुंबईत मागून, भांडून मिळवावा लागला आहे.

१८८०च्या दशकात गिरणी सूर्याबरोबर सुरू होई, सूर्याबरोबर थांबे. रविवारीही पुष्कळ ठिकाणी यंत्रांच्या साफसफाईत अर्धा दिवस जाई. 'दीनबंधू'चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात मागितले काय? रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आठ तासांचे नावही नाही! सूर्यास्त हेच त्यांचे संरक्षण होते. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तेही गेले.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला.

गंमत अशी, की त्याच १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले. त्या वाचकांपाशी वेळ होता, तो चांगला कसा घालवावा हा प्रश्न होता. साच्यावरच्या माणसाला आधी वेळच हवा होता.

तो मिळाल्यावर त्याने काय केले? भजन, आखाडा, तमाशा, गावाकडे पत्र. ज्याला लिहिता येत नसे तो लिहिणाऱ्यापाशी बसे. खोलीत दाटीवाटीने माणसे, त्यामुळे फुरसत गॅलरीत आणि रस्त्यावरच मांडावी लागे. हा वेळ वाया गेला असे म्हणणारे तेव्हाही होते. मला तसे वाटत नाही. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये उभे राहिले, ते याच वस्तीत.

एक गोष्ट मात्र मनात राहते. महालक्ष्मीच्या त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या होत्या. रविवार त्यांनाही मिळाला. पण घरचे धुणे, पाणी, दळण त्याच दिवशी निघाले असणार. आणि एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवालीची चूल? रविवारी तर तिच्याकडची माणसे दुपारीही घरीच असत.