नरक्याची गोष्ट

कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड, आजरा, राधानगरीच्या जंगलांत नरक्या नावाचे एक लहान झाड आढळते. त्याच्या फुलांना घाण वास येतो. ‘मॅपिया फीटिडा’ या त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही ‘दुर्गंधी’ हाच अर्थ आहे. या झाडाच्या चोरट्या तोडीच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. असे काय आहे या लाकडात?

उत्तरासाठी थोडे दूर जावे लागेल. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ स्टेरॉइडे बनवण्यासाठी लागणारी द्रव्ये वनस्पतींत शोधत होते. त्यांच्याकडचे अर्क कर्करोगविरोधी चाचणीसाठीही पाठवले गेले. ‘कॅम्पटोथेका’ या चिनी वृक्षाचा अर्क रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर प्रभावी ठरला. पुढे वॉल यांना मनसुख वाणी येऊन मिळाले. वाणींचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा, शिक्षण मुंबईचे. अर्काचे भाग वेगळे करायचे, प्रत्येक भाग तपासायचा, प्रभावी भाग पुन्हा विभागायचा, अशा चिकाटीने मिळालेल्या ‘कॅम्पटोथेसिन’ची संरचना १९६६ साली प्रसिद्ध झाली.

औषध मात्र हाती आले नव्हते. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला गेला. मूत्राशयाला इजा, जुलाब असे त्रास झाले आणि १९७२च्या सुमारास चाचण्या थांबल्या. क्षार करताना रेणूतले एक कडे उघडत होते आणि गुण त्या बंद कड्यातच होता!

त्याच १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिले की आपल्या नरक्यातही कॅम्पटोथेसिन आहे, आणि तेही चिनी वृक्षापेक्षा कितीतरी जास्त.

१९८५ साली त्याच्या कार्याचा उलगडा झाला. पेशीविभाजनापूर्वी डी.एन.ए.ची प्रत काढताना दोरासारखा पीळ साचतो. एक विकर डी.एन.ए.चा एक धागा कापून पीळ सोडवते व धागा पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी अडकून बसते आणि जोडणी होऊ देत नाही. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी त्यामुळे मरतात. हे कळल्यावर कडे शाबूत ठेवून विरघळणारी रूपे शोधण्याला जोर आला. १९९६ साली टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. संरचना कळल्यापासून तीस वर्षांनी!

म्हणून वर्गात दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. ‘वनस्पतीत औषधी द्रव्य आहे’ आणि ‘वनस्पती हे औषध आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. नरक्याची साल उकळून प्याल्याने कर्करोग बरा होत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते. दुसरी गोष्ट झाडाची. कॅम्पटोथेसिन आजही मुख्यतः झाडांपासूनच मिळवले जाते. लाकडासाठी आणि मुळांसाठी अख्खे झाड जाते. ज्या झाडाने औषध दिले, ते आपल्या सह्याद्रीत टिकवायचे तर त्याची लागवड करावी लागेल.