सीमापार गुन्हेपीडित साहाय्य (युरोपीय व्यवस्था)

गुन्हा एका देशात घडतो आणि त्याची झळ सोसणारी व्यक्ती दुसऱ्या देशाची रहिवासी असते, अशा वेळी तिला माहिती, मानसिक आधार, कायदेशीर मदत व नुकसानभरपाई मिळवून देण्यासाठी राष्ट्रांनी मिळून उभारलेल्या यंत्रणेला सीमापार गुन्हेपीडित साहाय्य म्हणता येईल.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संमत केलेल्या जाहीरनाम्याने, गुन्हेगार सापडो वा न सापडो, पीडिताचे पीडितपण त्यावर अवलंबून नसते, हे मूलभूत तत्त्व मांडले. भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या कलम ३५७अ मध्येही आरोपीचा माग न लागल्यास भरपाई मागण्याची मुभा होती. जाहीरनामा मात्र बंधनकारक नव्हता.

युरोपात या विचाराला कायद्याचे बळ एका खटल्यातून मिळाले. पॅरिसमध्ये मेट्रो स्थानकाबाहेर मारहाण झालेल्या एका ब्रिटिश पर्यटकाला, तो फ्रेंच नागरिक नाही आणि त्याच्याकडे निवास परवानाही नाही म्हणून, सरकारी भरपाई नाकारण्यात आली होती. १९८९ मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला, कारण ज्याला देशात येण्याचा हक्क आहे त्याला तेथे स्थानिकांइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे.

२००४ च्या युरोपीय निर्देशानुसार (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या बंधनकारक नियमावलीनुसार) हेतुपुरस्सर केलेल्या हिंसक गुन्ह्याने पीडित झालेली व्यक्ती आपल्या राहत्या देशातच अर्ज करू शकते. तेथील साहाय्यक कार्यालय तो गुन्हा घडलेल्या देशाकडे पाठवते आणि निर्णय व भरपाई त्या देशाने द्यायची असते. २०१२ च्या निर्देशाने त्यात मोफत व गोपनीय आधारसेवेची भर घातली. पोलिसांत रीतसर तक्रार केलेली नसली तरी ही सेवा मिळते, आणि लैंगिक अत्याचाराने हादरलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ही तरतूद सर्वांत मोलाची आहे.

भरपाई ‘रास्त व योग्य’ असावी असे २००४ चा निर्देश सांगतो, पण किमान रक्कम ठरवत नाही. बलात्कारपीडितेसाठी इटलीने ठरवलेली ४,८०० यूरोंची सरसकट रक्कम प्रथमदर्शनी या कसोटीला उतरत नाही, असे युरोपीय न्यायालयाला २०२० मध्ये सांगावे लागले. सारखाच घाव सोसलेल्या दोन व्यक्तींना किती भरपाई मिळेल हे अजूनही गुन्हा कोणत्या देशात घडला यावर ठरते, आणि या व्यवस्थेतील ही सर्वांत गंभीर उणीव आहे.