पोलादाची औष्णिक स्मृती : मुन्शी घाट ते तारापूर

वाराणसीच्या मुन्शी घाटाचे नाते नागपूरशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला. पुढे लगतचा भाग दरभंगा संस्थानाने घेतला. दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह हे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेत मदनमोहन मालवीयांचे प्रमुख सहकारी होते. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी, घाटापासून काही मैल दक्षिणेस, विश्वविद्यालयाची कोनशिला बसली आणि १९२३ मध्ये तेथे भारतातील धातुशास्त्राचे पहिले पदवी-शिक्षण सुरू झाले.

त्या वेळी स्टेनलेस स्टील हा धातू जेमतेम दहा वर्षांचा होता. १९१२ मध्ये जर्मनीत क्रुप कंपनीच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद सिद्ध केले. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने सुमारे १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. दोन्ही पोलादे गंजत नसत. कारण क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पण अभेद्य थर निर्माण करते.

अंतरंग मात्र भिन्न होते. ब्रेअर्लीचे पोलाद तापवून झपाट्याने थंड केले, की त्यातील ऑस्टेनाइटचे कठीण मार्टेन्साइट होते. म्हणून ते सुऱ्यांना योग्य ठरले. क्रुपच्या पोलादात निकेलमुळे ऑस्टेनाइट सामान्य तापमानालाही टिकते. ते लवचीक राहते, चुंबकाला ओढ देत नाही. संघटन बदलले, तशी सूक्ष्मरचना बदलली.

परंतु संघटन तेच असूनही घात होऊ शकतो, हे लवकरच दिसले. जोडकाम केलेल्या पत्र्यांत सांध्यालगतचा पट्टा गंजू लागला. पोलाद सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात रेंगाळले, की कार्बन स्फटिककणांच्या सीमांवर येऊन क्रोमियम कार्बाइड बनवितो. सीमेलगतचे क्रोमियम त्यात खर्ची पडते आणि त्याचे प्रमाण संरक्षणास आवश्यक पातळीखाली जाते. रासायनिक विश्लेषणात एकूण आकडे तेच येतात. दुबळी असते ती केवळ कणसीमा. १९३३ मध्ये अमेरिकेतील एडगर बेन व सहकाऱ्यांनी ही कारणमीमांसा स्पष्टपणे मांडली.

उपाय त्यातूनच निघाले. पोलाद सुमारे १०५० अंशांपर्यंत तापवून कार्बाइड विरघळवावे आणि पाण्यात झटकन थंड करावे; कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत खाली आणावा. किंवा टायटेनियम वा नायोबियम मिसळावे, म्हणजे कार्बन त्यांच्याशी बांधला जातो आणि क्रोमियम मोकळे राहते.

हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७० च्या दशकात उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत, ३०४ प्रकारच्या पोलादी नळांच्या जोडांलगत कणसीमांवरून जाणाऱ्या भेगा जगभर आढळल्या. तेथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या : क्रोमियम गमावलेली कणसीमा, जोडकामाने उरलेला ताण आणि प्राणवायू विरघळलेले उष्ण पाणी. महाराष्ट्रातील तारापूरच्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही याच प्रकारच्या.

म्हणून पोलादाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी ही अर्धीच माहिती असते. ते किती तापले, किती वेळ तापले आणि कोणत्या वेगाने निवाले, हा उरलेला इतिहास कणसीमांवर कोरलेला असतो. तो वाचण्यासाठी नमुना घासावा, आम्लाने कोरावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.